आई, लिफ्ट आणि तीन फेज

आभार मानणं हे भांडणापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे मला अलीकडेच कळलं. भांडायला गेलं की शेजारी दार सताड उघडतात. आभार मानायला गेलं, तर फटीतून बघत विचारतात, "काय, कशाला लागलीय वर्गणी?" आमच्या इमारतीतल्या तीन जणांनी मला असंच परत पाठवलं. म्हणून जे दारात उभं राहून सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

झालं असं, की आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, खिळे बसले, सगळं व्यवस्थित पार पडलं. पण आई बोलेनाशी झाली. आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या नुसत्या खाकरण्याने शाळेचं मैदान शांत व्हायचं, आणि घरात मी अजूनही होतो. ती आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवलीस का विचारलं तर मान हलवायची. ती होकारार्थी की नकारार्थी, हे नर्सलासुद्धा कळायचं नाही. एकदाच काय ते बोलली. म्हणाली, "घरी तरी कशाला नेतोस? चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवाल. इथे निदान येणारी-जाणारी माणसं दिसतात."

डॉक्टर म्हणाले, "शनिवारी घरी न्या. घरच्या माणसांत बऱ्या होतील. फक्त जिना अजिबात नको."

"लिफ्ट आहे आमच्याकडे," मी म्हणालो. अशा थाटात, की जणू ती मीच हाताने बांधली होती.

मंगळवारी लिफ्ट बंद पडली.

आमची लिफ्ट जुनी आहे, जाळीच्या सरकत्या दाराची. आतला माणूस बाहेरच्याला दिसतो आणि बाहेरचा आतल्याला. त्यामुळे आमच्याकडे लिफ्टमध्ये शिंकलं तरी चार मजल्यांवरून विचारपूस होते. मेकॅनिकने येऊन एक पेटी उघडली, बंद केली आणि हळू आवाजात सांगितलं, "लिफ्टला काही झालेलं नाही. तुमचा एक फेज गेलाय."

त्याच्या स्वरावरून मला वाटलं, आता सांत्वनाला माणसं येतील. "परत कधी येईल?" मी विचारलं.

"ते वीज कंपनीला विचारा," असं म्हणून तो जिन्याने उतरून गेला.

आता, माझ्या घरात दिवे लागत होते, पंखा फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता. तरी लिफ्ट बंद आणि पाण्याचा पंपही बंद. तिसऱ्या मजल्यावर सरांच्या घरात मात्र मिट्ट काळोख. हे एकाच इमारतीत कसं, असा प्रश्न मी जिन्यात उभा राहून मोठ्याने विचारला. ही माझी चूक झाली. कारण सर जिन्यातच होते.

सर म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. नोकरी संपून कित्येक वर्षं झाली, पण त्यांचा शेवटचा तास अजून चालूच आहे. ते मला गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेले. तिथे दोन खांबांच्या मध्ये ती करडी पेटी बसवलेली आहे. आजवर मी तिच्याकडे कावळ्यांची बसायची जागा म्हणूनच पाहत होतो.

"हा ट्रान्सफॉर्मर," सर म्हणाले. "आत लोखंडाचा गाभा. त्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, एक जास्त वेढ्यांची, एक कमी. दोन्ही एकमेकींना कुठेही चिकटलेल्या नाहीत. पहिलीत वीज येते, ती सारखी उलटसुलट वाहते. त्यामुळे गाभ्यातलं चुंबकत्व सारखं वरखाली होतं आणि त्या हेलकाव्यानेच दुसरीत वीज जागी होते. स्पर्श नाही, काही नाही! वेढे कमी, म्हणून दाब कमी. तोच आपल्या घरी येतो."

बायको भाजीची पिशवी घेऊन येत होती. ती थांबून म्हणाली, "म्हणजे आईंचं आणि माझंच की. त्या त्यांच्या खोलीत एक शब्द न बोलता रागावतात आणि मला स्वयंपाकघरात घाम फुटतो."

सरांनी हे उदाहरण मनापासून मान्य केलं. पुढे म्हणाले, "अशा तीन जोड्या आहेत आत. म्हणून तीन फेज. घरांना एकेकच मिळतो. तुम्हाला एक, मला दुसरा. माझा गेलाय. पण लिफ्ट आणि पंप मोठी कामं करतात, त्यांना तिन्ही लागतात. एक गेला की दोघं बसून राहतात."

बुधवारी मी रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "घरात लाइट आहे?"

"आहे."

"मग तक्रार कसली?"

मी खरं बोलून फसलो होतो. दुसऱ्या खिडकीत सांगितलं, "ज्यांच्या घरात लाइट नाही, त्यांना पाठवा." मी घरी आलो आणि सरांना घेऊन गेलो. सरांनी खिडकीत डोकं घातलं आणि त्या माणसाला ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. वीज कार्यालयात! मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मागे रांग वाढत होती, रांगेतले लोक शंका विचारत होते आणि सर त्यांचं निरसन करत होते. शेवटी खिडकीतला माणूस उठला, बाहेर आला आणि आम्हाला हाताला धरून थेट इंजिनिअर मॅडमच्या खोलीत पोचवून आला. सरांचा मी जन्माचा ऋणी आहे.

मॅडमनी आईची हकिकत शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "तुमच्या ट्रान्सफॉर्मरची एक गुंडाळी जळलीय. दुरुस्ती होणार नाही, बदलावाच लागेल. नवा आमच्याकडे तयार आहे. पण तुमच्या गल्लीत क्रेन शिरत नाही. मागे आमची गाडी हॉर्न वाजवून वाजवून परत आली. शुक्रवारी सकाळी गल्ली मोकळी करून द्या, मी माणसं पाठवते."

गल्लीतल्या बाकीच्या गाड्या हलवणं सोपं होतं. अडचण होती ती विमाकाकांच्या गाडीची. पहिल्या मजल्यावरच्या या काकांनी जन्मभर विमा विकला, त्यामुळे त्यांना चहाच्या कपातही बुडण्याचा धोका दिसतो. गाडी वापरली की झिजते, म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षं आच्छादन घालून उभी ठेवली होती.

"ढकलायची? अजिबात नाही," काका म्हणाले. "ढकलताना काही झालं तर ते कुठल्याच पॉलिसीत बसत नाही."

मी हात टेकले. बायको पुढे झाली. "राहू दे हो, काका. शनिवारी आईंना खुर्चीत बसवून चार मजले उचलून नेऊ. मागे हे आणि सर. पुढची बाजू तुमची."

काका आत गेले आणि किल्ली घेऊन आले.

ढकलायला अख्खी इमारत उतरली. खालच्या मजल्यावरचे बेकरीवालेही पिठाचे हात झटकत आले. सुकाणूवर कोणीतरी हवं होतं. तिथे मला बसवण्यात आलं. कारण काय, तर "तुम्ही ढकलून असा काय फरक पडणार आहे?" हा अपमान मी आईसाठी गिळला. गाडी आधी हलेना. मग एकदम हलली. आणि मग थांबेना, कारण ब्रेक न वापरल्यामुळे झिजले नव्हते, पण लागतही नव्हते. मी वळणापर्यंत एकटाच गेलो. मागून काकांचा आवाज येत होता, "सावकाश! सावकाश!" कचऱ्याच्या मोठ्या पेटीने मला आणि गाडीला आपल्या पोटाशी घेतलं. काकांनी तासभर गाडी न्याहाळली आणि एकही ओरखडा सापडला नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

शुक्रवारी क्रेन आली. जुना ट्रान्सफॉर्मर उतरला, नवा कोरा चढला. संध्याकाळी वायरमनने खांबावरून हात हलवला आणि गल्लीतले सगळे दिवे लागले. सरांच्या घरातसुद्धा. टाळ्या वाजल्या. मी दोन शब्द बोललो. प्रत्यक्षात ते बरेच झाले असं बायको म्हणते. "एकजुटीने काय होऊ शकतं" इथपर्यंत मी आलो होतो, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पाणी येत नाहीये!"

पंप चालू होता. छान घुमत होता. पण वरच्या टाकीत थेंब नाही. लिफ्टचं बटण दाबलं तर तांबडा दिवा लागला आणि लिफ्ट ढिम्म. क्षणापूर्वी मला हार घालायच्या बेतात असलेली माणसं आता माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू ट्रान्सफॉर्मर मीच कुठून तरी जुन्या बाजारातून उचलून आणलाय.

"नवीन माल हल्ली असाच असतो," विमाकाका म्हणाले. त्यांनी प्लंबरला बोलावलं. प्लंबरने पंप उघडला, सगळे भाग फडक्यावर मांडले, पुसले, परत बसवले. पंप पूर्वीपेक्षा गोड घुमू लागला. पाणी नाहीच. वायरमन आणि क्रेन तर केव्हाच गेले होते.

शनिवार उजाडला. दुपारी रुग्णवाहिका येणार होती. मी जिन्यात डोक्याला हात लावून बसलो असताना बेकरीवाले आले. त्यांच्या केसांत कणीक, भुवयांवर कणीक, चष्म्याची एक काच कणकेखाली.

"कणीक मळायचं मशीन वेडं झालंय," ते म्हणाले. "त्यातला मळायचा आकडा कणीक खाली दाबायचा सोडून वर फेकतोय. छताला चिकटलीय सगळी."

सर दोन पायऱ्या खाली उतरत होते, ते तिथेच थांबले. मी त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"उलटं फिरतंय!" ते ओरडले. "पंपही उलटा! म्हणून पाणी चढत नाही!"

त्यांनी मला, काकांना आणि कणकेसकट बेकरीवाल्यांना वाचमनच्या फिरत्या खुर्चीभोवती गोल उभं केलं. "तुम्ही तीन फेज. एकानंतर एक ढकला. आधी काका, मग बेकरी, मग तुम्ही." खुर्ची एका बाजूला फिरली. "आता दोघांनी जागा बदला. क्रम तोच." आम्ही बदलल्या. खुर्ची उलटी फिरली आणि तिचा हात काकांच्या पोटात बसला. "बघा! तीन तारांपैकी कुठल्याही दोन आपसांत बदलल्या की मोटर उलटी. नवा ट्रान्सफॉर्मर जोडताना दोन तारा बदलल्यात, बस्स! दिव्यांना एकच फेज लागतो, त्यांना क्रमाशी देणंघेणं नाही. आणि लिफ्टमध्ये सोयच केलेली असते, की उलट्या क्रमाची वीज आली तर हलायचंच नाही. नाहीतर वरचं बटण दाबणारा खाली जाईल."

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे देवा! वायरमनला लगेच पाठवते." पण बेकरीवाल्यांना धीर कुठला? संध्याकाळचा पाव व्हायचा होता. त्यांनी आपल्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आणला, आणि मोठ्या मनाने सांगितलं, "नुसतं माझं नको, इमारतीच्या मुख्य पेटीतच दोन तारा बदल. आजींची लिफ्ट चालू होऊ दे." त्याने बदलल्या. पाणी धो धो चढलं, मशीन शहाणं झालं आणि लिफ्ट अशी वर गेली, की माझे डोळे भरून आले. त्याच क्षणी दारात रुग्णवाहिका थांबली.

आईला चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये नेलं. लिफ्ट लहान. खुर्चीबरोबर एकच माणूस मावत होता. खुर्ची धरायला सर आत शिरले, कारण ते सगळ्यांत सडपातळ. आई त्यांच्याकडे न बघता गप्प बसून होती. मी आणि बायको जिन्याने वर धावलो.

आता, आमच्या आनंदात आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. वायरमनला नको म्हणून कोणी कळवलंच नव्हतं. तो कर्तव्यदक्ष माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचला, त्याने खांबावर चढून वीज बंद केली आणि चुकलेल्या दोन तारा व्यवस्थित बदलल्या. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. थोड्या वेळाने वीज आली. पण गल्लीचं उलटं सुलट झालं, तसं आमच्या पेटीतलं सुलट पुन्हा उलटं झालं. लिफ्टने तांबडा दिवा लावला आणि हलायला साफ नकार दिला.

जाळीतून मला आईचे पांढरे केस आणि सरांचे बूट दिसत होते. "आई! घाबरू नकोस!" मी ओरडलो. माझा आवाज असा फाटला, की आईपेक्षा बाकीचेच घाबरले.

पण मग जे झालं, त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. इलेक्ट्रिशियन नुकताच निघून गेला होता. त्याला गाठायला बेकरीवाले तसेच कणकेच्या अवतारात रस्त्याने धावले. लोक म्हणे वाट सोडत होते. विमाकाका, ज्यांनी आयुष्यात कधी पायरी मोजल्याशिवाय पाय टाकला नाही, ते पुठ्ठा घेऊन जिन्यात बसले आणि जाळीतून आईला वारा घालू लागले. कोणी पाणी आत दिलं, कोणी पाठीला उशी सरकवली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांच्याशी आमचं पाण्यावरून बोलणं बंद होतं, त्यांनी बेकरीतून बन आणून जाळीतून दिले. हळूहळू सगळा जिना भरला. वरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना आईचं डोकं दिसत होतं, खालच्यांना पाय. आई मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर.

आणि आत सर बोलत होते. "तर बाई, दोन गुंडाळ्या, एकमेकींना न चिकटलेल्या..."

"थांबा," आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो तिचा खरा आवाज होता. जिन्यातला गलबला चटकन थांबला. "वेढे कमी केले तर दाब कमी होतो म्हणालात. मग वाहणारी वीज? ती तेवढीच राहते?"

"ती वाढते," सर भारावून म्हणाले. "दाब घटतो त्या प्रमाणात ती वाढते. बाई, माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न इतक्या लवकर कोणी विचारला नव्हता."

"मुलांना विचारू दिलं असतंत, तर विचारला असता," आई म्हणाली.

जिना हसला. आणि आईही हसली. बन खात खात, तोंडावर हात ठेवून. बायकोने माझा दंड घट्ट धरला.

इलेक्ट्रिशियन धापा टाकत आला, त्याने तारा पुन्हा होत्या तशा केल्या. हिरवा दिवा लागला. मी वरून ओरडलो, "आई, झालं! आता येशील वर!"

"अरे, थांब जरा!" आतून आवाज आला. "सर आत्ता कुठे तीन फेजवर आलेत."

लिफ्ट हलवायला कोणाचंच बोट बटणाकडे गेलं नाही. ती तशीच उभी राहिली आणि तो तास संपल्यावरच वर आली.

आईला पलंगावर टेकवून मी धावत खाली गेलो, वायरमनचे आभार मानायला. तो खांबाखाली उभा होता आणि भोवती गल्लीतली निम्मी माणसं ओरडत होती. कारण आमच्यासारखंच सकाळपासून अनेकांनी आपापल्या पेटीत तारा बदलून घेतल्या होत्या, आणि आता लॉन्ड्रीवाल्याचं धुण्याचं यंत्र उलटं फिरत होतं, सुताराची करवतही उलटी. मी गर्दीतून वाट काढून त्याचा हात धरला. "तुमचे फार फार उपकार झाले!"

त्याचा चेहरा पडला. "साहेब, शिव्या देताहेत ते परवडलं. तुम्ही टोमणे नका मारू."

"नाही हो, मनापासून!"

"यांच्याही लिफ्टचं वाटोळं केलंस ना?" सुतार माझ्या बाजूने उभा राहिला. मी मनापासूनच म्हणतोय हे मी जितकं सांगावं, तितकी गर्दीला माझी जास्तच दया येऊ लागली. शेवटी मी आवाज चढवून सगळ्यांना सांगितलं, की यांनी केलंय तेच बरोबर आहे, ज्यांनी मध्ये तारा बदलल्या त्यांनी पुन्हा बदला. आमचा इलेक्ट्रिशियन एकेका पेटीकडे वळला, गर्दी पांगली, आणि मी वायरमनला चहाला वर घेऊन आलो. लिफ्टने.

आईने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तूच का रे मला अधांतरी ठेवलंस?"

तो उठूनच उभा राहिला. "चुकलं, आजी. वर कोणी आहे हे मला ठाऊक नव्हतं."

"बस, चहा घे." आईने स्वतःच्या ताटलीतला बन त्याच्यापुढे सरकवला. "आता सगळं सरळ झालं?"

"एकदम सरळ, आजी. आता नाही थांबायची."

आईची नजर दाराकडे गेली. दार उघडंच होतं. बाहेर काका कोणाला तरी सांगत होते की पुठ्ठा कसा धरला म्हणजे वारा जास्त लागतो, आणि वहिनी विचारत होत्या की आजींना रात्री काय चालतं.

"महिन्याभराने मी चालायला लागले, की एकदा खाली उतरणार आहे," आई वायरमनला म्हणाली. "तेव्हा आधी सांगून ठेवीन. लिफ्ट बंद असली तरी चालेल मला. जिन्यात माणसं हवीत."